वाद थांबला तो बुधवार: एका नाट्यगटातल्या वगळण्याचं प्रकरण

"मला गटातून काढलेलं नाही," पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या. "काढलं असतं तर निदान भांडता आलं असतं."

एका हौशी नाट्यगटात त्या सहा वर्षं प्रकाशयोजना करत होत्या. गट अकरा जणांचा. दर बुधवारी संध्याकाळी जमायचं, वर्षाकाठी एखाद-दुसरं नाटक बसवायचं, बाकी आठवडाभर ज्याचं त्याचं पोटापाण्याचं काम. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी तालमीला जाणं सोडून दोन महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात 'का येत नाहीस?' असं विचारणारा एकही फोन आला नव्हता. झोप उडाली होती. कामावर चुका होत होत्या. एका छंदापायी आपली अशी अवस्था व्हावी याची त्यांना लाज वाटत होती, आणि ती लाज त्यांनी तासाभरात तीनदा बोलून दाखवली.

समुपदेशनाच्या कामात अशी माणसं मला पुन्हा पुन्हा भेटली आहेत. इथे लिहितेय ते एकाच ठिकाणचं जसंच्या तसं वर्णन नव्हे. एकाच वळणाच्या काही प्रसंगांचे धागे एकत्र करून, कुणी ओळखू येणार नाही अशा बेताने ते रचलं आहे. संशोधनाचे दाखले मात्र जसे आहेत तसे दिले आहेत.

सुरुवात कुठे झाली यावर आमचं एकमत व्हायला वेळ लागला. त्यांच्या लेखी सुरुवात म्हणजे खिडकीचा दिवस. त्याकडे मी पुढे येते. मला ती त्याच्या बऱ्याच आधी दिसते.

नव्या नाटकाचं पहिलं वाचन होतं. संहिता दिग्दर्शकानेच लिहिलेली, दोन वर्षं घासूनपुसून. वाचन संपलं, सगळे भारावलेले होते, आणि या म्हणाल्या, "दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती त्याला माफ करते, ते मला खरं वाटत नाही. तिने माफ करावं असं पहिल्या अंकात काहीच पेरलेलं नाही." त्या संध्याकाळचा उरलेला सगळा वेळ त्यांना समजावण्यात गेला. पुढच्या बुधवारीही तोच विषय. त्या आठवड्यात दोघांनी घरी फोन करून पटवून पाहिलं. तिसऱ्या बुधवारी दिग्दर्शक त्यांना बाजूला घेऊन तासभर बोलला. त्या म्हणत राहिल्या की नाटक करू, मन लावून करू, पण मत विचाराल तर ते हे आहे. चौथ्या बुधवारी कुणी विषयच काढला नाही.

"मला हायसं वाटलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, मिटलं एकदाचं."

मी त्यांना एक कागद दिला. पहिल्या वाचनानंतरच्या तीन महिन्यांत दर आठवड्याला गटातलं कोण कोण आपणहून तुमच्याशी नाटकाबद्दल बोललं, ते आठवेल तसं मांडा, असं सांगितलं. पुढच्या भेटीला त्या आकडे घेऊन आल्या आणि आम्ही त्यांची रेघ काढली. तीन आठवडे ती वर चढत जाते. चौथ्या आठवड्यात कड्यावरून घसरावी तशी खाली येते आणि पुन्हा वर येतच नाही. आठवणीतून काढलेली रेघ म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळत होतं. तरीही ती बघून त्या बराच वेळ गप्प बसल्या. त्यांना जे मिटणं वाटलं होतं, तिथेच गटाने त्यांचा नाद सोडला होता.

ही रेघ माझ्या ओळखीची होती. सामाजिक मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली शॅक्टर यांनी १९५१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांची छोटी मंडळं केली आणि त्यांच्यापुढे जॉनी रोको नावाच्या, गुन्ह्यांच्या वाटेला लागलेल्या एका मुलाची हकिगत ठेवली. याला मायेने वागवावं की शिक्षेने, यावर चर्चा करायची. प्रत्येक मंडळात तीन माणसं शॅक्टर यांनीच पेरलेली: एक गटाच्या मताचा, एक आधी विरोधात बोलून हळूहळू गटाकडे सरकणारा, आणि एक अखेरपर्यंत विरोधात ठाम. ज्या मंडळांत आपसात जवळीक होती आणि विषय मंडळाच्या जिव्हाळ्याचा होता, तिथे ठाम माणसाला मनातून नाकारणाऱ्यांचं त्याच्याशी बोलणं आधी वाढत गेलं आणि मग ओसरलं. मनधरणी चालू असते तोवर माणूस आपलाच धरलेला असतो. ती थांबते तेव्हा बहुधा दोनच गोष्टी घडलेल्या असतात: तो वळलेला असतो, किंवा त्याला हिशेबातून काढलेलं असतं.

त्या प्रयोगातला मला जास्त बोचणारा भाग शेवटचा आहे. चर्चेनंतर मंडळाच्या समित्यांसाठी नावं सुचवायची होती. ठाम विरोधकाचं नाव कार्यकारी समितीसाठी कमी आलं आणि पत्रव्यवहाराच्या रटाळ समितीसाठी जास्त आलं. मत बदलून सरकलेला माणूस मात्र बाकीच्यांसारखाच धरला गेला. २०१४ मध्ये हाच प्रयोग थोड्याफार बदलांनी पुन्हा करून पाहिला गेला, तेव्हा मूळच्याइतका ठसठशीत परिणाम मिळाला नाही. म्हणून याला मी नियम म्हणत नाही. पण या प्रकरणात पाचव्या बुधवारी आमच्या प्रकाशयोजनाकार बाईंकडे आलेलं काम ऐका: जुन्या नाटकांचा कपडेपट आणि पडदे मोजून यादी करणं. "कुणीतरी करायलाच हवं होतं," असं म्हणून त्यांनी ते केलंही.

यानंतर जे झालं ते कुणीच ठरवून केलेलं नाही. मला हे प्रकरण मांडावंसं वाटतं ते त्यासाठीच.

गटाचा मोबाइलवर एक सगळ्यांचा ग्रुप होता. दिग्दर्शकाने नटांच्या वेळा जुळवायला सहा जणांचा वेगळा ग्रुप केला. प्रकाशयोजनेचा तिथे काय संबंध? काहीच नव्हता. मग संगीत करणाऱ्याला घेतलं, कारण एका प्रवेशाची लांबी ठरायची होती. मग नेपथ्य करणाऱ्या काकांना घेतलं, कारण जिना हवा की नको हा प्रश्न आला. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. दोन महिन्यांत त्या ग्रुपमध्ये दहा जण झाले. मूळ ग्रुप जागेवरच होता, त्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा येत होत्या.

इथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण तो सहसा दुर्लक्षित राहतो. प्रकाशयोजना करणारं माणूस मुळातच कडेला असतं. बाकीचे रंगमंचावर घाम गाळत असतात तेव्हा ते अंधारात मागच्या रांगेत बसलेलं असतं, आणि त्याचं खरं काम नाटक बरंचसं उभं राहिल्यावर सुरू होतं. त्यामुळे ते तिथे नसलं तरी आठवडेच्या आठवडे कुणाचं काही अडत नाही. गटात कुणाला वगळलं जातं याचा विचार करताना आपण स्वभाव बघतो, भांडणं बघतो. कुणाच्या नसण्याने काम अडत नाही, हेही तितक्याच बारकाईने बघायला हवं. नायिकेच्या भूमिकेतल्या मुलीने तेच मत मांडलं असतं तर तिला विसरणं गटाला शक्यच झालं नसतं. दुसऱ्याच दिवशी तिच्याशी बोलावं लागलं असतं.

आता खिडकीचा दिवस. त्या तालमीला त्या संपूर्ण नाटकाचा प्रकाश आराखडा घेऊन गेल्या. तीन आठवडे रात्री जागून केलेला. डावीकडच्या खिडकीतून येणारी संध्याकाळ हा त्या आराखड्याचा कणा होता: पहिल्या अंकात ती उजळ, दुसऱ्या अंकात मावळत जाणारी. त्यांनी कागद पसरला आणि गटातला सगळ्यात लहान मुलगा निरागसपणे म्हणाला, "ताई, खिडकी आता उजवीकडे आहे ना? आणि जिना काढला. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"त्यानंतर जी शांतता झाली ना," त्या मला म्हणाल्या, "ती अजून कानात आहे. कारण त्या क्षणी ते फक्त मलाच कळलं असं नाही. सगळ्यांना एकदम कळलं, की मला काहीच माहीत नसतं."

बाकीच्यांना माहीत असलेली गोष्ट आपल्याला माहीत नाही हे उघड होणं, एवढंच माणसाला गटाबाहेर ढकलायला पुरतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं. माहितीतून वगळले गेलेल्यांना आपलेपणा कमी जाणवला, आणि ज्यांनी सांगितलं नाही त्यांच्याबद्दलचा विश्वास आणि आवड दोन्ही घटली. त्यांच्याशी कुणी तुसडेपणाने वागलं नव्हतं. फक्त सांगितलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी आराखडा फाडला नाही. रात्रभर बसून तो उजवीकडच्या खिडकीसाठी पुन्हा केला. पुढच्या बुधवारी हसून नेऊन दिला. दुसऱ्या अंकाचंही कौतुक केलं, "आता मला पटतोय" म्हणाल्या. खरं तर पटला नव्हता. सरकणारा माणूस व्हायचा तो प्रयत्न होता, आणि तीन महिने उशिरा केल्यामुळे तो कुणाला खरा वाटला नाही. त्याच काळात त्यांना नवी सवय लागली. कोण कुणाकडे बघून हसतं, आपण बोलताना कुणाची नजर घड्याळाकडे जाते, आपल्या निरोपाला उत्तर यायला किती मिनिटं लागतात, हे सगळं त्या टिपू लागल्या. त्यांना वाटायचं आपण संशयी झालोय. मी त्यांना सांगितलं की वगळल्या गेलेल्या माणसाची नजर अशी तीक्ष्ण होते याचे प्रयोग झालेले आहेत. २००० मधल्या एका अभ्यासात नाकारले गेल्याचा अनुभव दिलेल्यांना वाचलेल्या मजकुरातले माणसामाणसांमधले तपशील जास्त लक्षात राहिले. २००८ मधल्या दुसऱ्या अभ्यासात अशा लोकांना खरं हसू आणि ओढूनताणून आणलेलं हसू यांतला फरक अधिक चांगला ओळखता आला. भूक लागलेल्याला वास आधी येतात, तसं हे आहे. त्यात आजार काही नाही.

पण तीक्ष्ण नजरेला सापडतं ते सगळंच सुखाचं नसतं. रंगीत तालमीच्या आधीच्या तांत्रिक तालमीत एका नटाने सहज म्हटलं, "लाइट जरा उशिरा येतोय." आणि त्या सगळ्यांसमोर भडकल्या. क्यूशीटची वही, म्हणजे कोणता प्रकाश कधी द्यायचा याची नोंद, टेबलावर आपटली, "मला सांगायचं नसेल तर मी कशी वेळेवर देऊ?" म्हणाल्या, आणि निघून गेल्या. प्रश्न योग्य होता. पण त्या संध्याकाळी गटाला लक्षात राहिली ती आपटलेली वही. 'बघ, किती अवघड आहे हिच्याबरोबर काम करणं' हे वाक्य तोवर कुणाच्याही तोंडी नव्हतं. त्या दिवसानंतर ते चार जणांच्या तोंडी आलं. वगळण्याला कारण मागाहून मिळालं आणि ते आधीपासूनच होतं असं सगळ्यांना वाटू लागलं. त्या आठवड्यानंतर त्या गेल्याच नाहीत.

इथे माझी चूक लिहायला हवी. दुसऱ्या भेटीत मी त्यांना विचारलं होतं, "ते मुद्दाम करतायत याला तुमच्याकडे काय आधार आहे?" माझ्या मते हा साधा, विचाराला चालना देणारा प्रश्न होता. त्यांना तो ऐकू आला असा: तुम्ही कल्पना करताय. दोन आठवडे त्या आल्या नाहीत. मुद्दाम की सहज, हा प्रश्न त्या टप्प्यावर गैरलागू होता, आणि हे मला माझ्याच अभ्यासावरून ठाऊक असायला हवं होतं.

किप्लिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांचा अनुभव या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. ते आपल्या कुत्र्याबरोबर बागेत बसले होते. एक फ्रिस्बी घरंगळत आली, त्यांनी ती खेळणाऱ्या दोघा अनोळखी माणसांकडे परत फेकली, त्यांनी ती पुन्हा यांच्याकडे टाकली, आणि तिघांचा खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने त्या दोघांनी यांच्याकडे टाकणं बंद केलं. अनोळखी माणसं, दोन-चार मिनिटांचा खेळ, आणि तरीही लागलेलं विलक्षण वाईट. त्यातून पुढे संगणकावरचा चेंडूफेकीचा खेळ तयार झाला, सायबरबॉल. पडद्यावरचे दोन खेळाडू आधी तुमच्याकडे चेंडू टाकतात, मग टाकत नाहीत. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६२ देशांतल्या १,४८६ जणांनी इंटरनेटवरून भाग घेतला होता. चेंडू जितका कमी मिळाला तितकी मनःस्थिती खालावली, आणि चार गोष्टींना धक्का बसला: आपलेपणा, स्वतःची किंमत, आपल्या हातात काही आहे ही भावना, आणि आपल्या असण्याला अर्थ आहे ही भावना. २००४ मध्ये लोकांना आधीच सांगून पाहिलं की समोर माणसं नाहीत, संगणक आहे, आणि काय करायचं ते त्याला ठरवून दिलेलं आहे. तरीही लागलं. २००७ मध्ये ज्यांचा तिरस्कार वाटतो अशा द्वेष्ट्या संघटनेचे लोक खेळतायत असं सांगितलं. त्यांनी चेंडू दिला नाही, तरीही लागलं.

म्हणजे पहिली कळ हेतू विचारत नाही. विल्यम्स यांच्या मांडणीत तीन टप्पे आहेत. आधी ही तत्काळ कळ. मग विचाराचा टप्पा, त्यात 'का?', 'मुद्दाम का?', 'मी काय केलं?' हे प्रश्न येतात आणि माणूस आपण इतरांना आवडावं असा तरी प्रयत्न करतो किंवा हात उगारतो. आणि हे फार लांबलं तर तिसरा टप्पा, हार मानण्याचा. माझ्या बाई दुसऱ्या टप्प्यातून गेल्या होत्या आणि तिसऱ्याच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या, तेव्हा मी त्यांना पहिल्याच टप्प्याचा पुरावा मागत होते. त्या परत आल्या तेव्हा मी माफी मागितली आणि म्हटलं, "तुम्हाला लागलं, हे मला पटवून द्यायची गरज नाही." त्या दिवशी पहिल्यांदा त्या रडल्या.

'नाकारलं जाणं हे मेंदूला हाड मोडल्यासारखंच दुखतं' हे वाक्य त्यांनीही कुठेतरी वाचलेलं होतं. ते मी तसंच मान्य करत नाही. २००३ मधल्या त्या प्रसिद्ध अभ्यासात १३ माणसं होती. शारीरिक वेदनेशी जोडला जाणारा मेंदूचा एक भाग वगळलं जाताना जास्त सक्रिय दिसला, हे खरं. पण तो भाग इतरही अनेक कामांत सक्रिय होतो, आणि २०१४ मध्ये अधिक बारीक विश्लेषणात शारीरिक वेदना आणि नकार यांचे मेंदूतले ठसे वेगळे दिसले. दुःख खरं ठरायला हाडाशी बरोबरी लागत नाही.

त्यांच्या परवानगीने मी गटातल्या तिघांना वेगवेगळं भेटले.

दिग्दर्शक मनापासून चकित झाला होता. "मला वाटलं, तिला नाटक आवडलेलं नाही, तर उगाच दर गोष्टीत ओढून त्रास कशाला द्यायचा." त्याच्या दृष्टीने त्याने त्यांना मोकळीक दिली होती. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. मात्र त्याने त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, आणि न विचारता दिलेली मोकळीक घेणाऱ्याला बंद दारासारखी दिसते.

नेपथ्य करणारे काका गटातले सगळ्यात वयस्क. ते म्हणाले, "बाकीच्यांना ती नकोशी झालीय असं दिसत होतं, म्हणून मी मध्ये पडलो नाही." मी विचारलं, "बाकीच्यांपैकी कुणी तसं बोललं होतं?" त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. कुणीच बोललं नव्हतं. मग ते हळूच म्हणाले, "खरं सांगू? दुसरा अंक मलाही पटला नव्हता."

नायिकेचं काम करणारी मुलगी सगळ्यात प्रामाणिक निघाली. "त्या यायच्या बंद झाल्या तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांच्याशी काय बोलायचं, काय नाही, हे सारखं सांभाळून मी दमले होते." २००१ मध्ये काही संशोधकांनी लोकांना एका माणसाशी फक्त तीन मिनिटं न बोलण्याची सूचना देऊन पाहिलं. त्यानंतर चिकाटी लागणाऱ्या कामात ते कमी पडले. त्यामागचं, मनाची ताकद खर्च होते हे स्पष्टीकरण पुढे बरंच वादात सापडलं. पण वगळणाऱ्यांनाही ते वागणं सुखाचं नसतं, असं इतर अभ्यासांतही दिसलं आहे. त्या मुलीला ऐकताना मला तिचा राग आला नाही. दहा जणांपैकी प्रत्येक जण आपापल्या जागी एक छोटा ताण टाळत होता आणि त्या दहा टाळण्यांचं एकत्र ओझं एका माणसावर पडत होतं.

काकांच्या वाक्याने मला वाट दाखवली. स्वतःला शंका असताना 'बाकी सगळ्यांना पटलंय' असं प्रत्येकाने धरून चालणं, याची नोंद मानसशास्त्रज्ञ डॅनियल कॅट्झ आणि फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी १९३१ मध्येच विद्यार्थ्यांच्या मतांवरच्या अभ्यासात केली होती. इथे तसंच झालं असेल तर ते सगळ्यांसमोर उघडं व्हायला हवं होतं. पण तिथे पोहोचण्याआधी आमचा एक उपाय फसला.

मी दिग्दर्शकाला सुचवलं होतं, त्यांना त्या दहा जणांच्या ग्रुपमध्ये घ्या. त्याने लगेच घेतलं. आणि ग्रुप गप्प झाला. चार दिवसांत निर्णय फोनवर आणि तालमीनंतरच्या गप्पांत व्हायला लागले. दार उघडलं होतं, पण आतली माणसं दुसऱ्या खोलीत गेली होती. त्यांना ते पहिल्या दोन दिवसांतच कळलं होतं, मला मात्र त्यांनी सांगितल्यावर कळलं.

मग दिग्दर्शकाने सगळ्यांनी मिळून एक दिवस कुठेतरी फिरायला जायची कल्पना काढली. मी नको म्हटलं. मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या शिबिरात २२ मुलांवर केलेल्या प्रयोगात, भांडणाऱ्या दोन टोळ्यांना नुसतं एकत्र जेवायला आणि चित्रपट बघायला बसवून भांडण मिटलं नव्हतं. पाण्याचा पुरवठा बंद पडला, ट्रक दोराने ओढून चालू करायची वेळ आली, आणि सगळे हात लागल्याशिवाय भागेना, तेव्हा ते निवळायला लागलं. तिथे दोन गट होते, इथे एक गट आणि एक माणूस, त्यामुळे तुलना लांबची आहे हे मान्य. पण मजेचा दिवस एकत्र घालवणं आणि एकमेकांवाचून अडणं यांतला फरक इथेही तोच होता.

शेवटी एका बुधवारी अकराही जण बसले. पहिलं वाचन ऐकताना, कुणी काही बोलायच्या आधी, दुसऱ्या अंकाबद्दल तुमच्या मनात काय आलं होतं, ते एका ओळीत नाव न घालता लिहायचं, एवढंच. दिग्दर्शकाने चिठ्ठ्या वाचल्या. बाईंची सोडून पाच चिठ्ठ्यांमध्ये शंका होती. एकीत तर जवळजवळ त्यांचंच वाक्य होतं. काका उठून म्हणाले, "तिसरी चिठ्ठी माझी. मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं."

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या, रेघांची लांबी ओळखायच्या प्रयोगांत, सगळे एकमुखाने चुकीचं उत्तर देत असताना साधारण एक तृतीयांश वेळा माणूस त्यांच्या मागे जायचा. बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला तरी ते प्रमाण झपाट्याने कोसळायचं. काकांचं वाक्य पहिल्या संध्याकाळी आलं असतं तर एक विरुद्ध दहा असं चित्रच उभं राहिलं नसतं. इतके महिने उशिरा आलं तरी त्याचं वजन कमी झालं नव्हतं, हे मी बाईंच्या चेहऱ्यावर बघितलं.

सामूहिक माफी मी मागू दिली नाही. दहा जणांनी ओळीने एका माणसापुढे माफी मागणं म्हणजे पुन्हा दहा आणि एक, आणि वर त्या एकावर मोठेपणाने माफ करायचं ओझं. दुसऱ्या अंकात त्यांना जे खोटं वाटलं होतं, ते त्यांच्याकडूनच करवून घेण्यासारखं झालं असतं. त्याऐवजी कामाची पद्धत बदलली. तालमीच्या जागी एक वही ठेवली. नाटकाबद्दलचा कोणताही बदल त्या वहीत लिहिला जाईपर्यंत झाला असं धरायचं नाही, मग तो कुठल्याही ग्रुपवर ठरलेला असो. आणि प्रकाशयोजना पहिल्या उभ्या तालमीपासून दिग्दर्शकाच्या शेजारी बसेल, मागच्या रांगेत नाही. क्यूशीट आपटल्याबद्दल त्या नटाशी बाई स्वतःहून बोलल्या. ते मी सुचवलेलं नव्हतं.

गटाने कुणालाच कधी बाहेर काढू नये असं मला म्हणायचं नाही. काही वेळा काढावंच लागतं. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापरीच्या तुकड्यावर नाव कोरून एखाद्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर घालवत. पहिल्यांदा तसं झालं ते इसवी सनपूर्व ४८७ मध्ये. त्याला ६००० खापऱ्यांची अट होती, जायला दहा दिवसांची मुदत होती, मालमत्ता शाबूत राहायची आणि मुदत संपली की परत येता यायचं. कठोर प्रकार होता, आणि त्याचा गैरवापरही झाला. पण ज्याला जावं लागायचं त्याला तारीख, मुदत आणि परतीची वाट माहीत असायची. आमच्या बाईंना यातलं काहीच मिळालं नव्हतं. ओ'रायली आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २०१५ मध्ये कामाच्या जागांबद्दल मांडलं ते मला इथेही पटतं: लोकांना छळापेक्षा दुर्लक्ष सौम्य वाटतं, पण ज्याच्या वाट्याला येतं त्याच्या मनावर आणि तिथे टिकून राहण्यावर दुर्लक्षाचा परिणाम जास्त दिसतो. छळ झाला तर तक्रार कुणाची करायची ते निदान माहीत असतं.

नाटक झालं. दुसरा अंक बदलला नाही. दिग्दर्शकाने शंका ऐकल्या आणि तो आपल्या शेवटावर ठाम राहिला. तो त्याचा अधिकार होता, असं बाईही म्हणाल्या. उजवीकडच्या खिडकीतली संध्याकाळ त्यांनी केली. नायिकेच्या भूमिकेतल्या मुलीशी त्यांचं अजून फारसं बोलणं नाही, आणि ते व्हावं म्हणून मी काही केलेलं नाही. निरोपाला उत्तर यायला किती मिनिटं लागली हे त्या अजूनही बघतात. झोप लागते.

आमची शेवटची भेट झाली त्याच्या आदल्या बुधवारी त्यांनी वहीत एक नोंद केली होती. तिचा फोटो त्यांनी मला दाखवला. कामाच्या गडबडीमुळे तीन महिने येता येणार नाही, परत येण्याची तारीख, आणि खाली: तोवर प्रकाशाचे आराखडे काकांकडे आहेत, खिडकी हलवलीत तर मला कळवा. त्या ओळीखाली सात जणांच्या सह्या होत्या. बाकीचे त्या दिवशी आले नव्हते.